न दुखणारा पाय

पायांत कांटा रुतला कीं माणूस जागच्या जागीं थांबतो. हातांतलें ओझें खालीं ठेवतो, एका पायावर उभा राहून दुसरा पाय उचलून पाहतो, आणि कांटा निघेपर्यंत त्याला दुसरें कांहीं सुचत नाहीं. या लहानशा प्रसंगांत शरीररक्षणाची मोठी व्यवस्था दडलेली आहे. वेदना ही सामान्यतः शत्रु मानली जाते. ती टळावी असेंच प्रत्येकजण देवाजवळ मागतो. परंतु पायाच्या बाबतींत ती इमानी पहारेकऱ्यासारखी असते. ती ओरडते म्हणून मनुष्य थांबतो, आणि तो थांबतो म्हणून पाय वांचतो.

मधुमेह या पहारेकऱ्याला हळूहळू मुका करतो. रक्तांतील साखर वर्षानुवर्षें वाढलेली राहिली म्हणजे मज्जातंतूंस इजा पोंचते. सर्वांत लांब मज्जातंतु पावलांना जाणारे असल्यामुळें बधिरपणाचा आरंभ पायांच्या बोटांपासून होतो. कित्येकांस प्रथम मुंग्या येतात, रात्रीं तळवे जळजळतात. पुढें ही जळजळ थांबते आणि रोग्याला वाटतें कीं आपल्याला उतार पडला. वस्तुतः पहारा उठलेला असतो. अशा पायाचा धनी जोड्यांतून वर आलेल्या खिळ्यावर दिवसभर चालतो आणि संध्याकाळीं मोजा रक्तानें भिजलेला पाहून चकित होतो. त्याच मज्जातंतूंच्या दोषानें पायांतील लहान स्नायु दुबळे होऊन बोटें वांकडीं होतात, तळव्याच्या एखाद्याच भागावर सर्व भार पडूं लागतो, घाम कमी येऊन कातडी कोरडी पडते व टांचेला भेगा जातात.

दुसरा अपाय रक्तवाहिन्यांना होतो. त्या आंतून बुजत जातात आणि जखम भरण्यास लागणारें रक्त पावलापर्यंत पोंचत नाहीं. तिसरा अपाय असा कीं, साखर वाढलेल्या शरीराची जंतूंशीं झुंजण्याची शक्ति मंदावते. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे अगदीं क्षुल्लक कारण पुरतें. नव्या जोड्याचा चावा, नख काढतांना लागलेली कात्री, पाय शेकण्यासाठीं घेतलेली गरम पाण्याची पिशवी, यांपैकीं कांहींहि निमित्त होतें. ज्यांचे पाय पुढें कापावे लागले अशा मधुमेह्यांची मागील हकीकत पाहिली, तर शेंकडा सुमारें ८५ जणांच्या बाबतींत आरंभ एका साध्या व्रणापासून झालेला आढळतो. मधुमेह्यांपैकीं शेंकडा १९ ते ३४ लोकांस आयुष्यांत केव्हां तरी पायाचा व्रण होतो, असा २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय आढाव्याचा अंदाज आहे. व्रण भरला म्हणजे संकट टळलें असेंहि नाहीं. शेंकडा सुमारें ४० जणांस वर्षाच्या आंत पुन्हां व्रण होतो. घोट्याच्या वरून पाय काढावा लागलेल्या मधुमेह्यांपैकीं सुमारें निम्मे लोक पुढचीं पांच वर्षें पाहत नाहींत. केवळ पाय गेला म्हणून ते जातात असें मात्र समजूं नये. पायांत जशा रक्तवाहिन्या बुजल्या तशाच त्या हृदयांत व मेंदूंतहि बुजत आलेल्या असतात.

तेव्हां या विषयांतील मुख्य प्रश्न शस्त्रक्रियेच्या कौशल्याचा नसून वेळेचा आहे. वेदनेनें जी हांक मारावयाची ती मारली जात नाहीं. मग ती कोणी मारावी? इंग्लंडमधील सार्वजनिक आरोग्यसेवेनें हें काम आपल्या अंगावर घेतलें आहे, आणि तिनें तें कसें बसविलें आहे हें पाहण्यासारखें आहे. परंतु ही दृष्टि येण्यास बराच काळ जावा लागला व तिचा एक धागा हिंदुस्थानांतून गेलेला आहे, म्हणून तो इतिहास थोडक्यांत सांगणें जरूर आहे.

टोरोंटो येथें १९२२ सालीं माणसाला प्रथम इन्शुलिन टोंचण्यांत आलें. त्यापूर्वीं मधुमेहाचे तरुण रोगी लवकरच दगावत. इन्शुलिननें आयुष्य वाढलें, आणि वाढलेल्या आयुष्याबरोबर पाय कुजण्याचें संकट पुढें आलें. बोस्टनचे प्रख्यात मधुमेहतज्ज्ञ एलियट जोस्लिन यांनीं १९३४ सालीं या संकटावर स्वतंत्र निबंध लिहिला. पावलांची स्वच्छता व निगा राखली तर यांतील पुष्कळसें टळण्यासारखें आहे, असा त्यांचा आग्रह होता. तरी पाय बधिर झाला म्हणजे नेमकें काय घडतें याचा उलगडा व्हावयाचा होता, आणि तो मधुमेहाच्या नव्हे तर कुष्ठरोगाच्या अभ्यासांतून झाला. पॉल ब्रँड हे शल्यवैद्य १९४६ सालापासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत काम करीत होते. कुष्ठरोगानें बोटें आपोआप झडतात अशी त्या काळीं सार्वत्रिक समजूत होती. ब्रँड यांनीं बारकाईनें पाहिलें तेव्हां त्यांना दिसलें कीं, बोटें झडत नसून तीं रोजच्या कामांत भाजतात, कापतात, घासतात, आणि दुखत नसल्यामुळें त्यांची कोणी दादच घेत नाहीं. पुढें १९६० नंतरच्या दशकांत ते अमेरिकेंतील कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयांत गेले. तेथें त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हीच दृष्टि मधुमेह्यांच्या पायांकडे वळविली. आज जगभर पाय तपासतांना वापरला जाणारा नायलॉनचा धागा याच संस्थेंतील संशोधनानें, १९८६ सालच्या सुमारास, रूढ झाला. हा धागा त्वचेवर टेंकून दाबला असतां १० ग्रॅम भार पडतांच वांकतो. तेवढाहि दाब ज्या पावलाला कळत नाहीं त्याचें संरक्षण गेलें असें धरतात.

इंग्लंडमध्यें ५ जुलै १९४८ रोजीं राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली, तरी कित्येक वर्षें मधुमेह्याचा पाय हा कोणाचाच नव्हता. साखर पाहणारा वैद्य निराळा, रक्तवाहिन्यांचा शल्यवैद्य निराळा, हाडांचा निराळा, आणि रोगी या दारांतून त्या दारांत फिरत असे. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयांत १९८१ सालीं मायकेल एडमंड्स यांच्या पुढाकारानें या सर्वांना एका खोलींत आणणारा दवाखाना निघाला. १९८६ सालीं त्यांनीं आपला अनुभव प्रसिद्ध केला तेव्हां पाय कापण्याचें प्रमाण कमी झाल्याचें दिसून आलें. नवें औषध त्यांत कोणतेंच नव्हतें. माणसें एकत्र आलीं होतीं इतकेंच. १९८९ सालीं इटलींतील सेंट व्हिन्सेंट येथें युरोपांतील राष्ट्रांच्या प्रतिनिधींनीं मधुमेहाच्या कोथामुळें होणारे अवयवच्छेद निम्म्यावर आणण्याचें ध्येय जाहीर केलें. ध्येय जाहीर करणें सोपें असतें. त्याला लागणारी रोजची यंत्रणा उभी करण्यास पुढचीं पंचवीस वर्षें लागलीं.

आजची इंग्लंडमधील रचना मुख्यतः ऑगस्ट २०१५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या नियमांवर उभी आहे. वैद्यकीय उपचारांचे मार्गदर्शक नियम ठरविणारी जी 'नाइस' नांवाची सरकारी संस्था आहे, तिनें ते घालून दिले. या रचनेचा पाया म्हणजे वर्षांतून निदान एकदां होणारी तपासणी. मधुमेहाचें निदान झालें त्याच वेळीं, पुढें दरवर्षीं, आणि कोणत्याहि कारणानें रुग्णालयांत दाखल व्हावें लागलें तर तेव्हांहि, पाय पाहिलाच पाहिजे असा दंडक आहे. वार्षिक तपासणी बहुधा घरच्या डॉक्टरच्या दवाखान्यांतील परिचारिका करते. जोडे, मोजे आणि असलेल्या पट्ट्यासुद्धां काढून दोन्ही पावलें पाहावयाचीं, हें कलम वाचून कोणाला हसूं येईल. पण मोजा न काढतां 'पाय ठीक आहेत ना?' एवढें विचारून तपासणी झाल्याची नोंद करण्याचा मोह सर्वच देशांत आहे. परिचारिका तो नायलॉनचा धागा तळव्याला लावून स्पर्शज्ञान पाहते, पावलावरील व घोट्यामागील नाडी चांचपते, बोटांच्या बेचक्यांत डोकावते, घट्टे व वांकडेपणा यांची नोंद करते.

या तपासणीचें फळ म्हणजे रोग्याच्या पायाला एक वर्ग मिळतो, आणि सगळी पुढील व्यवस्था या वर्गावर अवलंबून असते. ज्याच्या पायांत नुसत्या घट्ट्याखेरीज कांहीं दोष नाहीं त्याचा धोका कमी. त्यानें पुढच्या वर्षीं यावें. बधिरपणा, वांकडेपणा किंवा रक्ताची कमतरता यांपैकीं एखादें लक्षण आढळलें तर धोका मध्यम. दोन लक्षणें एकत्र आलीं, किंवा पूर्वीं व्रण होऊन गेला असेल, एखादें बोट काढलेलें असेल, अथवा मूत्रपिंड निकामी होऊन त्यासाठीं डायलिसिससारखा उपचार चालू असेल, तर धोका मोठा. मध्यम व मोठ्या धोक्याच्या लोकांस 'पादसंरक्षण सेवे'कडे धाडण्यांत येतें. मोठा धोका असेल तर दोन ते चार आठवड्यांत व मध्यम असेल तर सहा ते आठ आठवड्यांत तेथें पाय पाहिला गेला पाहिजे. पुढें मध्यम धोक्याचा पाय दर तीन ते सहा महिन्यांनीं आणि मोठ्या धोक्याचा दर एक-दोन महिन्यांनीं पाहतात. कांहीं शंका असेल तर एक-दोन आठवड्यांनींहि.

या सेवेचा मुख्य डॉक्टर नसतो. तो पोडिआट्रिस्ट असतो. त्याला मराठींत पादचिकित्सक म्हणतां येईल. पावलांचेंच शिक्षण घेऊन पदवी मिळविलेला हा मनुष्य नखें रीतीनें कापतो, घट्टे तासतो, जोड्यांच्या आंत हात घालून शिवण कोठें टोंचते तें पाहतो, आणि भार वांटला जाईल असे तळ जोड्यांत बसवून देतो. घट्टा तासणें हें काम ऐकण्यास हलकें वाटतें. परंतु बधिर तळव्यावरचा जाड घट्टा हा जोड्यांत राहिलेल्या खड्यासारखा आंतल्या मांसावर दाब देत असतो, आणि पुष्कळदां त्याच्या खालींच व्रण लपलेला सांपडतो. डॉक्टरांच्या दृष्टीनें न्हाव्याच्या पंक्तीला बसणाऱ्या या कामानें जितके पाय वांचले असतील तितके वांचविण्याचा दावा फार थोड्या शस्त्रांना करतां येईल.

चवथा वर्ग चालू दुखण्याचा. व्रण झाला, पाय लाल होऊन सुजला, काळा पडूं लागला, कीं कॅलेंडर बाजूला ठेवून घड्याळ हातांत घ्यावयाचें असतें. पाय किंवा जीव धोक्यांत असेल, म्हणजे तापासह पसरणारी विषबाधा, सडणें, रक्ताचा पुरवठा तुटणें असें कांहीं असेल, तर रोग्याला तत्काळ रुग्णालयांत पाठवावयाचें. इतर प्रत्येक नव्या दुखण्याची वर्दी कामाच्या एका दिवसाच्या आंत पोंचली पाहिजे, आणि ती पोंचल्यावर कामाच्या आणखी एका दिवसांत त्या रोग्याला कोणीं व किती लवकर पाहावयाचें हें ठरलें पाहिजे. रांगेंत उभें राहण्याबद्दल जगप्रसिद्ध असलेल्या राष्ट्रानें या एका रोग्यासाठीं रांग मोडण्याचा नियम केला, यावरून त्या घाईचें मोल कळतें. या चवथ्या वर्गांत एक फसवें दुखणें मोडतें. व्रण नसतांना एक पाय गरम, लाल व सुजलेला दिसतो. मुरगळला असेल असें रोगी म्हणतो, संधिवात असेल असें कधीं कधीं डॉक्टरहि म्हणतात. आंत मात्र बधिर पायाचीं हाडें ठिसूळ होऊन ढांसळत असतात. शार्को या फ्रेंच वैद्याच्या नांवानें तें ओळखलें जातें. चालणें तेथल्या तेथें थांबविलें तर पायाचा आकार राहतो. महिनाभर तसेंच चाललें तर तळवा होडीच्या तळासारखा खालीं फुगून येतो.

व्रण झालेला रोगी ज्या पथकाच्या हातीं जातो त्यांत मधुमेहाचा वैद्य, पादचिकित्सक, परिचारिका, रक्तवाहिन्यांचा व हाडांचा शल्यवैद्य, जंतुशास्त्रज्ञ, प्लास्टर घालणारा आणि जोडे बनविणारा इतकीं माणसें असतात. तीं काय करतात? मलमांच्या जाहिराती पुष्कळ आहेत. परंतु तळव्याच्या व्रणावर मुख्य उपाय म्हणजे त्यावरचा भार काढणें. त्यासाठीं गुडघ्याखालीं सर्व पायाला घट्ट बसणारें प्लास्टर घालतात, म्हणजे भार पोटरीवर वांटला जातो. काढतां-घालतां येण्यासारखा बूट दिला तर तो अधिक सोयीचा होईल असें वाटतें, पण अनुभव उलटा आहे. ज्याला दुखत नाहीं तो मनुष्य घरांत आल्यावर बूट काढून ठेवतो आणि स्वयंपाकघरापर्यंत, न्हाणीघरापर्यंत तसाच चालत जातो. त्याला हट्टी किंवा बेपर्वा म्हणणें अन्यायाचें आहे. लंगडण्यासाठींसुद्धां वेदना लागते. ती नसतांना केवळ बुद्धीच्या जोरावर तीन-तीन महिने पाय न टेंकणें हें तपस्व्यालाहि कठीण आहे.

नियम छापले म्हणून पाळले जातात असें नाहीं, आणि याची जाणीव इंग्लंडांतील लोकांनाहि आहे. तेथील निरनिराळ्या जिल्ह्यांची तुलना करणारा एक अभ्यास २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत पाय कापण्याचें प्रमाण एका जिल्ह्यांतून दुसऱ्या जिल्ह्यांत आठपटींपर्यंत बदलत असल्याचें आढळलें. रोग एक, राज्य एक, सेवा एक, मग हा फरक कशाचा? त्याचा मोठा भाग व्यवस्थेचा असला पाहिजे असें मानण्यास जागा आहे. इप्सविच या गांवच्या रुग्णालयाचा अनुभव या मताला बळकटी देतो. तेथें १९९५ ते २००५ या काळांत पथक बांधून व प्रत्येक अवयवच्छेदाची नोंद ठेवून काम केलें, तेव्हां दर १०,००० मधुमेह्यांमागें मोठ्या अवयवच्छेदांचें प्रमाण ३६.४ वरून ६.७ वर आलें. पुढें जुलै २०१४ पासून इंग्लंड व वेल्समध्यें पायांच्या व्रणांची राष्ट्रीय मोजदाद सुरू झाली. तिचा सर्वांत ठळक निष्कर्ष हाच कीं, पहिल्यांदा दाखविल्यापासून दोन आठवड्यांच्या आंत जे तज्ज्ञ पथकापुढें आले ते बारा आठवड्यांनंतर जिवंत व व्रणमुक्त असण्याचा संभव अधिक. ज्यांना उशीर होतो त्यांचे व्रण पथकापुढें येतात तेव्हांच अधिक बिघडलेले असतात. पादचिकित्सकांची वाण, घरच्या डॉक्टरनें 'आठवडाभर पाहूं' म्हणून दिलेली गोळी, आणि शनिवार-रविवार बंद असलेलें दार, या नेहमींच्या खोळंब्याच्या जागा आहेत.

इंग्लंडांत स्थायिक झालेल्या हिंदी लोकांसंबंधीं एक गोष्ट येथें नमूद करण्याजोगी आहे. मँचेस्टरच्या परिसरांतील मधुमेह्यांची पाहणी २००५ सालीं प्रसिद्ध झाली. तींत दक्षिण आशियांतून आलेल्या लोकांत पायाच्या व्रणाचें प्रमाण शेंकडा १.८, तर युरोपीय वंशाच्या लोकांत तें ५.५ आढळलें. यावरून आपल्या लोकांचे पाय निसर्गतःच चिवट आहेत असा निष्कर्ष काढून निश्चिंत होण्यांत अर्थ नाहीं. तेथील मनुष्य मोजे-जोडे घालून फरशीवर चालतो. इकडे तोच मनुष्य देवळाच्या तापलेल्या दगडांवर अनवाणी प्रदक्षिणा घालतो, घरांत वहाण घालीत नाहीं, पायांत कांच गेली तर हळद भरतो आणि दुखणें अंगावर काढतो.

शिवाय भारतांत मधुमेह्यांची संख्या २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणें सुमारें १० कोटी १० लाख आहे, आणि पादचिकित्सक हा स्वतंत्र व्यवसाय येथें जवळजवळ नाहींच. ही उणीव ओळखून नागपूरचे मधुमेहतज्ज्ञ शरद पेंडसे यांनीं, टांझानियाचे झुल्फिकारअली अब्बास व हॉलंडचे कारेल बाकर यांच्या सहकार्यानें, चालू शतकाच्या पहिल्या दशकांत 'स्टेप बाय स्टेप' नांवाची योजना आंखली. पादचिकित्सक नाहीं तर त्याचें काम शिकलेला डॉक्टर व परिचारिका अशी जोडी लहान गांवांतून तयार करावी, आधीं प्राथमिक शिक्षण द्यावें आणि कांहीं काळ काम केल्यावर त्याच जोडीला बोलावून पुढचें शिकवावें, असें तिचें स्वरूप होतें. पादत्राणांच्या बाबतींतहि कुष्ठरोगसेवेचा अनुभव कामीं आला. सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराचे तळ असलेल्या चपला आपल्याकडे प्रथम त्या रोग्यांसाठीं बनल्या आणि आज मधुमेह्यांनाहि दिल्या जातात. त्यांना मागें पट्टा असतो, आणि अंगठ्याजवळच्या बेचक्यांत रुतणारा दुवा नसतो.

घरच्या घरीं करतां येण्यासारखी एक तपासणी इप्सविचच्याच रुग्णालयांतून निघाली आहे. धागा हाताशीं नसतां दाखल झालेल्या रोग्याचे पाय कसे पाहावे, या अडचणींतून ती सुचली व २०११ सालीं प्रसिद्ध झाली. तिला हाताच्या तर्जनीखेरीज कांहीं लागत नाहीं. रोग्यानें जोडे-मोजे काढून आडवें व्हावें व डोळे मिटावे. कोणता पाय उजवा व कोणता डावा हें त्याला आधीं एकदां हात लावून सांगावें. मग दुसऱ्यानें त्याच्या उजव्या अंगठ्याचें टोंक, नंतर उजवी करंगळी, नंतर डावा अंगठा व डावी करंगळी, आणि शेवटीं उजव्या व डाव्या पायाचें मधलें बोट अशा क्रमानें सहा स्पर्श करावे. स्पर्श पिसासारखा हलका, एक-दोन सेकंदांचा असावा. दाबूं नये, टिचकी मारूं नये, गुदगुल्या करूं नयेत. स्पर्श कळतांच रोग्यानें 'उजवा' किंवा 'डावा' असें सांगावें. एखादा स्पर्श कळला नाहीं तर त्या बोटाला पुन्हां हात लावूं नये, न कळल्याची नोंद करून पुढें जावें. सहांपैकीं दोन किंवा अधिक बोटांना स्पर्श कळला नाहीं, तर पायाचें स्पर्शज्ञान कमी झालें असण्याचा बराच संभव आहे असें समजून डॉक्टरकडून दोन्ही पावलांची रीतसर तपासणी करून घ्यावी. आणि ती होईपर्यंत, घरांतसुद्धां, अनवाणी पाऊल टाकूं नये.